पश्चात्तापाची सक्ती

गोव्यात 1560 साली इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मतपासणीचं, न्यायालय बसलं, ते ढोंगी ख्रिस्ती शोधून काढायला. पण ढोंगाची पैदास त्याच्याच कार्यपद्धतीत होती. आरोपीने गुन्हा कबूल केला, साथीदारांची नावं सांगितली, की बहुधा जीव वाचे. बदल्यात बदनामीचा झगा, मिरवणूक, तुरुंग किंवा गलबतावरची सक्तमजुरी. 'मी निर्दोष आहे' यावर ठाम राहणारा मात्र पश्चात्तापहीन ठरून चितेवर जाऊ शके. फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ या न्यायालयाच्या कैदेतून सुटला आणि 1687 मध्ये त्याने हे छापून जगापुढे मांडलं. अशा ठिकाणी डोळ्यांतलं पाणी अनुतापाचं की भीतीचं, हे खुद्द न्यायाधीशाला तरी कसं कळणार? या न्यायालयाच्या 1736 च्या फर्मानाने तर दारची तुळस, बिनमिठाचा भात, धोतर-चोळीसुद्धा संशयित ठरवली. श्रद्धेचा तपास स्वयंपाकघरात!

कोणी म्हणेल, या धाकामुळेच गोव्यात धर्म रुजला. तसं असतं, तर 1812 मध्ये न्यायालय कायमचं उठल्यावर चर्च ओस पडायला हवी होती. ती पडली नाहीत. तिथल्या कित्येकांची श्रद्धा खरीच होती आणि तिला पहारेकऱ्याची गरज नव्हती. ज्यांचं मन जुन्या रीतींत अडकलं होतं, त्यांना पहाऱ्याने बदललं नाही, फक्त लपायला शिकवलं. पुढे 1928 मध्ये हिंदू धर्मप्रचारक मसूरकर महाराजांनी शुद्धीची, म्हणजे हिंदू धर्मात परतण्याची, हाक दिली, तेव्हा गावडे समाजातले हजारो ख्रिस्ती परतले.