घाबरवायला दिलेलं एस्टिमेट

सिराक्यूज म्हटलं की आपल्याला शाळेतला आर्किमिडीज आठवतो. टब, युरेका वगैरे. सिसिलीत आमचा मुक्काम कातानियाला होता, तिथून ट्रेनने सव्वा-दीड तासावर हे गाव. म्हणून आम्ही चौघं एका दिवसात जाऊन आलो. पण माझ्या डोक्यात राहिला तो आर्किमिडीजच्या कितीतरी आधीचा एक गृहस्थ. निकियास.

गोष्ट अशी. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सच्या लोकसभेने सिसिलीवर ६० जहाजं पाठवायचा ठराव केला. तीन सेनापती नेमले, त्यातला एक निकियास. आणि त्याचाच या मोहिमेला विरोध! त्याने आधी सरळ सांगून पाहिलं, कोणी ऐकेना. मग त्याने युक्ती केली. हे काम एवढ्यात व्हायचं नाही, फार मोठं सैन्य लागेल म्हणाला. खर्च ऐकून लोक बेत सोडतील असा त्याचा हिशोब. झालं भलतंच. एवढी तयारी म्हणजे विजय पक्का, असं लोकांना वाटलं. किती हवीत ते बोल म्हणाले. निदान १०० जहाजं, असं तो बोलला आणि मित्रराज्यांसकट १३४ निघाली. ज्यांना हे पटत नव्हतं ते गप्प बसले. विरोधात हात वर केला तर देशाचे वैरी ठरू ही भीती. थ्युसिडिडीसने हे सगळं लिहून ठेवलंय.

नको असलेलं काम टळावं म्हणून तिप्पट एस्टिमेट द्यायचं आणि क्लायंटने लगेच 'डन' म्हणायचं... आम्ही चौघंही आयटीवाले, त्यामुळे कोणाला फार समजावून सांगावं लागलं नाही.

ओर्तिजिया बेटावर अरेथुसाच्या झऱ्यापाशी उभं राहिलं की समोर मोठं बंदर पसरलेलं दिसतं. इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सचं आरमार इथेच अडकलं. वेढा फसला होता, परत फिरायचं ठरलंही होतं. तेवढ्यात २७ ऑगस्टला चंद्रग्रहण लागलं! ज्योतिष्यांनी 'तीन नवं सत्तावीस दिवस' थांबायला सांगितलं आणि निकियासने ऐकलं. तोवर सिराक्यूजवाल्यांनी जहाजं आडवी लावून बंदराचं तोंडच बंद केलं. आरमार हरलं, सैन्य जमिनीवरून पळताना पकडलं गेलं, निकियास मारला गेला.

निदान ७००० कैदी दगडखाणींत कोंडले. वर छप्पर नाही, दिवसा ऊन, रात्री गारठा, माणशी रोज जेमतेम पाव लिटर पाणी, शेजारीच मेलेल्यांचे ढीग. युरिपिडीसच्या नाटकातली कवनं पाठ होती म्हणून काही जण सुटले, असं प्लुटार्क सांगतो.

आज एका खाणीत लिंबा-संत्र्यांची झाडं आहेत. तिथल्या 'डायोनिसियसचा कान' या गुहेत लोक टाळ्या वाजवून आवाज घुमवतात. आमच्यातल्या एकाने हाळी दिली, दुसरा म्हणाला, "बास रे."

निकियासचा अंदाज चुकीचा नव्हता, काम खरंच कठीण होतं. पण आकड्यामागे लपवलेला नकार समोरच्याला होकारच वाटतो. आणि किंमत मोजतात खाणीतले. त्यांना कोणी एस्टिमेट दाखवलेलंही नसतं.

असो. गेलात तर तिथलं कॅथीड्रल चुकवू नका. अथीनाच्या देवळाचे डोरिक खांब त्याच्या भिंतींत अजून उभे आहेत. हे युद्ध झालं तेव्हाही ते तिथेच होते.