रिपोर्टातली पाच अक्षरं

२०१८ सालची गोष्ट. घाटकोपरच्या एका लॅबमधून मी वहिनीचा थायरॉइडचा रिपोर्ट आणला. टीएसएचच्या आकड्याखाली बारीक टाइपात पाच इंग्रजी अक्षरं होती: ईसीएलआयए. मंडळी, आकडा आपण सगळेच बघतो. ही अक्षरं कोण वाचतो? मी वाचली, कारण आई आठवली.

आई गळ्याच्या गाठीसाठी धीम्या लोकलने परळला जायची. तिथे अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झालं. रक्तातलं कणभर हार्मोन मोजायचं तर तेव्हा किरणोत्सर्गी आयोडीन लागे. ही पद्धत रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांची. यालोंना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. पद्धत अचूक, पण परवाने सांभाळा, कचरा सांभाळा, आणि वापरायचं ते आयोडीन साठेक दिवसांत निम्मं होणार! गल्लीतल्या लॅबला हा संसार कसा झेपावा?

सुटका केली उजेडाने. वीज दिली की काही द्रावणं चमकतात, हे १९२०च्या दशकातच दिसलं होतं. १९७२ साली अमेरिकेत ॲलन बार्ड यांच्या प्रयोगशाळेने रुथेनियम धातूच्या संयुगातून असा नारिंगी उजेड काढला. १९९०च्या दशकात त्यावर चालणारी यंत्रं आली.

यंत्रात टीएसएचच्या रेणूला दोन प्रतिपिंडं दोन बाजूंनी धरतात. एकावर रुथेनियम असतं. दुसऱ्यावर बायोटिन, म्हणजे एक जीवनसत्त्व. बायोटिन चुंबकीय मण्यांना चिकटतं, चुंबक मणी इलेक्ट्रोडवर ओढून धरतो, वीज सोडली की रुथेनियम उजळतं. हार्मोन जास्त, तर उजेड जास्त. वीज देईपर्यंत अंधारच, म्हणून मिणमिणता उजेडही मोजता येतो. अठरा मिनिटांत काम होतं.

वहिनीचा टीएसएच फारच कमी आला, टी-फोर जास्त. थायरॉइड भडकल्याचंच चित्र! औषध लिहिण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, ‘‘केसांसाठी काही घेता?’’ घेत होती, बायोटिनच्या गोळ्या. रक्तातल्या फाजील बायोटिनने मण्यांवरच्या जागा अडवल्या, हार्मोन धरलेले रेणू वाहून गेले आणि उजेड मंदावला. टी-फोरच्या तपासणीत गणित उलटं असतं: उजेड कमी, तर आकडा मोठा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल सावध केलं होतं. नंतरच्या किटमध्ये हा दोष बराच कमी झाला.

गोळ्या थांबवून पुन्हा रक्त दिलं, आकडे सरळ आले. आता रक्त न्यायला मुलगा घरी आला, की वहिनी हात पुढे करण्याआधी गोळ्यांची डबी पुढे करते.