हैतीचे रस्ते आणि त्यांचा हिशेब



आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात एकदा अमेरिकेने परदेशांत उतरविलेल्या फौजांचा विषय निघाला. व्हिएतनाम आणि इराक ही नावे सर्वांना ठाऊक होती. मी हैतीचे नाव काढले आणि तेथे काय घडले ते थोडक्यात सांगितले. तेव्हा मशीनखात्यातला एक जुना सहकारी उठून म्हणाला, "अण्णा, माणसे मेली हे वाईटच. पण रस्ते तर झाले ना? दवाखाने झाले ना? ते कोणत्या बाजूला लिहायचे?" प्रश्न रास्त होता. इंग्रजांच्या आगगाडीबद्दल हाच प्रश्न आपल्याकडेही अधूनमधून विचारला जातो. त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. ते आज तुमच्यासमोर द्यायचा प्रयत्न करतो. माझी शाळा आठवीत सुटली. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही. पगाराच्या वाटाघाटींत मालकाचा ताळेबंद वाचावा लागतो, तो वाचायला मात्र शिकलो. त्याच नजरेने हे प्रकरण पाहिले आहे.

हैती म्हणजे कॅरिबियन समुद्रातील एका बेटाचा पश्चिमेकडील तुकडा. उसाच्या मळ्यांवरील गुलामांनी बंड करून फ्रेंचांना घालविले आणि १८०४ साली स्वतःचे राज्य स्थापिले. पुढे १८२५ मध्ये, या स्वातंत्र्याला मान्यता द्यायची तर जुन्या मळेवाल्यांचे नुकसान भरून द्या, म्हणून फ्रान्सने पंधरा कोटी फ्रँक मागितले. मागे उभ्या होत्या लढाऊ गलबतांच्या तोफा. पुढे ही रक्कम नऊ कोटींवर आली, पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांनी देशाची कंबर मोडली ती मोडलीच. गुलामाने आपल्या सुटकेची किंमत धन्याला द्यायची, असा हा व्यवहार.

विसाव्या शतकाच्या आरंभी या कर्जात न्यूयॉर्कच्या बँका शिरल्या. हैतीच्या राष्ट्रीय बँकेत नॅशनल सिटी बँकेचे भाग होते, आणि पुढे ती बँक सगळीच तिच्या मालकीची झाली. या नॅशनल सिटीचे एक उपाध्यक्ष रॉजर फार्नम हे हैतीतील रेल्वे कंपनीचेही अध्यक्ष होते, आणि हैतीबाबत वॉशिंग्टनचे परराष्ट्र खाते त्यांचाच सल्ला घेई. १७ डिसेंबर १९१४ रोजी अमेरिकन मरीन सैनिकांनी राष्ट्रीय बँकेतील पाच लाख डॉलरचे सोने भर दिवसा बंदरावर नेले, मचायस या युद्धनौकेवर चढविले आणि न्यूयॉर्कला रवाना केले. फौज उतरली ती त्यानंतर सात महिन्यांनी. हा क्रम ध्यानात ठेवावा.

फौजेला निमित्त मिळाले, आणि ते खोटे नव्हते. १९११ पासूनच्या चार वर्षांत अर्धा डझन अध्यक्ष आले आणि गेले. २७ जुलै १९१५ रोजी अध्यक्ष साम यांच्या तुरुंगात दीडशेहून अधिक राजकीय कैद्यांची कत्तल झाली. दुसऱ्या दिवशी चवताळलेल्या जमावाने फ्रेंच वकिलातीत लपलेल्या सामना ओढून काढून ठार केले. त्याच दिवशी अ‍ॅडमिरल केपर्टन यांचे मरीन सैनिक पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरले. पनामाचा कालवा नुकताच खुला झाला होता, युरोपात महायुद्ध पेटले होते, आणि हैतीच्या व्यापारात जर्मनांचा पाय असल्याने वॉशिंग्टनला धास्ती वाटत होती. हेही खरेच. पण धास्ती सरली, महायुद्ध संपले, जर्मन गेले, आणि फौज मात्र एकोणीस वर्षे राहिली.

तिने प्रथम हात घातला तो जकातीला. हैतीच्या सरकारचे उत्पन्न म्हणजे मुख्यत्वे बंदरावरील जकात. ती वसूल करणारा अमेरिकन, खर्चाला मंजुरी देणारा आर्थिक सल्लागारही अमेरिकन, आणि दोघांचे पगार हैतीच्या तिजोरीतून! १९२० साली हैतीचे अध्यक्ष दार्तिग्नाव्ह यांनी काही मागण्या मान्य करायला नकार दिला, तेव्हा या सल्लागाराने अध्यक्षांचा आणि त्यांच्या मंत्र्यांचा पगारच रोखून धरला. संपात मजुराचा पगार अडकलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. राष्ट्राध्यक्षाचा अडकल्याचे वाचले ते हे पहिलेच.

मग राज्यघटना. परक्या गोऱ्याला जमिनीची मालकी नाही, हे कलम हैतीत देसालिनच्या काळापासून चालत आलेले. ते काढायला विधिमंडळ तयार होईना, म्हणून १९१७ मध्ये विधिमंडळच बंद केले. पुढच्या वर्षी शिपायांच्या पहाऱ्यात लोकमत घेतले. बाजूने ९८,२२५ मते पडली आणि विरुद्ध ७६८. ज्या देशात बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, तेथे हा निकाल लागला.

आता रस्ते. माझ्या सहकाऱ्याचा प्रश्न येथे येतो. राजधानीपासून उत्तरेच्या काप-हैतियनपर्यंत गाडी जाईल असा रस्ता नव्हता. पैसा थोडा होता, आणि जो होता तो कर्जाकडे जायचा. तेव्हा स्मेडली बटलर या मरीन अधिकाऱ्याच्या हाताखालील नव्या शिपाईदलाने १८६४ चा एक जुना कायदा शोधून काढला. शेतकऱ्याने वर्षातले थोडे दिवस आपल्या गावालगतच्या रस्त्यावर राबावे, नाहीतर कर भरावा, असा तो कायदा. त्याला तेथे कोर्वे म्हणत. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात, आणि तो शब्द समजावून सांगायची गरज नाही. १९१६ पासून ही वेठ सुरू झाली. कायद्यातले 'गावालगत' हे शब्द लवकरच विसरले गेले. माणसे दूरच्या कामावर नेली गेली. पळून जाऊ नयेत म्हणून दोरीला बांधून नेली गेली, आणि पळाली तर गोळी घातली गेली. ज्यांचे पणजे साखळदंड तोडून मोकळे झाले होते, त्यांनी गोऱ्या अंमलदाराच्या हातची ही दोरी पाहून काय समजावे? त्यांनी गुलामी परत आली असेच समजले. १ ऑक्टोबर १९१८ रोजी वेठ रद्द झाल्याचा हुकूम निघाला. पण आँशच्या बाजूला ती चालूच राहिली, आणि पुढे खुद्द मरीन अधिकाऱ्यांच्या चौकशीत ते बाहेर आले.

त्याच आँशचा शार्लमान्य पेराल्त. हा पूर्वीचा लष्करी अधिकारी, घरचा बरा. त्याला पाच वर्षे सक्तमजुरी ठोठावून काप-हैतियनचे रस्ते झाडायला लावले होते. १९१८ मध्ये तो पहाऱ्यावरच्या शिपायाला फितवून निसटला आणि डोंगरात जाऊन त्याने बंड उभे केले. वेठीतून पळालेली माणसे त्याला मिळत गेली. बंदुका थोड्या, कोयतेच फार. दुसऱ्या बाजूला मशीनगनी होत्या आणि विमानेही. १९१९ च्या ऑक्टोबरअखेर हॅनेकन नावाचा मरीन तोंडाला काजळी फासून पेराल्तच्या तळात शिरला आणि त्याने त्याला गोळ्या घातल्या. लोकांची खात्री पटावी म्हणून प्रेत एका दरवाजाला बांधून त्याचे छायाचित्र गावोगाव वाटण्यात आले. अंमलदारांना धाक बसवायचा होता. लोकांना मात्र त्या चित्रात क्रुसावरचा ख्रिस्त दिसला, आणि हैतीच्या चित्रकारांनी तो तसाच रंगविला.

मरीन दलाचे प्रमुख जनरल बार्नेट यांनी १९२० मध्ये जो हिशेब दिला त्यात मेलेल्या हैतीवासीयांचा आकडा ३,२५० आहे. मरीन सैनिक वीसच्या आतच. हैतीचे इतिहासकार रोजे गायार यांनी वेठीत आणि दडपशाहीत मेलेले धरून सुमारे १५,००० चा अंदाज केला आहे. या दोन आकड्यांत मोठे अंतर आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: वेठीवर मेलेल्यांचा हजेरीपट कोणी ठेवला नव्हता.

अमेरिकेत कोणी बोललेच नाही, असे मात्र म्हणू नये. १९२० मध्ये कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील पुढारी जेम्स वेल्डन जॉन्सन स्वतः हैतीला जाऊन आले आणि 'नेशन' साप्ताहिकात चार लेख लिहून त्यांनी नॅशनल सिटी बँकेचे नाव उघड घेतले. त्याच साली निवडणूक होती. उपाध्यक्षपदाचे उमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी भर सभेत, हैतीची घटना मीच लिहिली, अशी बढाई मारली आणि विरोधी उमेदवार हार्डिंग यांना आयते कोलीत मिळाले. हार्डिंग निवडून आले, सिनेटची चौकशी बसली, साक्षी झाल्या. समितीने अत्याचारांची नोंद केली आणि फौज राहू द्यावी असा सल्ला दिला. चौकशी समित्यांचा आमचाही अनुभव फारसा निराळा नाही.

१९२२ मध्ये नॅशनल सिटीमार्फत १ कोटी ६० लाख डॉलरचे कर्जरोखे निघाले. जुने कर्ज नव्या कर्जाने फेडले. कॉफीचे पीक साधले त्या वर्षी शिल्लक पैसा मुदतीआधीच हप्ते चुकविण्यात गेला, आणि शाळा तशाच राहिल्या. मजुरी दिवसाला एक गूर्द, म्हणजे वीस सेंट, आणि पुष्कळदा त्याहूनही कमी. हजारो माणसे क्यूबात ऊस तोडायला गेली ती याच मजुरीला कंटाळून.

१९२९ च्या ऑक्टोबरात शेतकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्ती कापल्यावरून संप केला. महिन्याभरात जकातीचे कारकूनही बाहेर पडले. ६ डिसेंबरला ले काय शहराजवळ मार्शातेर येथे दारू-तंबाखूवरील नव्या करांनी गांजलेल्या शेतकऱ्यांच्या जमावावर मरीन सैनिकांनी गोळीबार केला. सरकारी आकड्याप्रमाणे १२ ठार झाले. यानंतर अध्यक्ष हूव्हर यांनी फोर्ब्स समिती धाडली आणि १५ ऑगस्ट १९३४ रोजी शेवटची तुकडी जहाजावर चढली. तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षपदी तेच रूझवेल्ट होते.

जमेला रस्ते आहेत, पूल आहेत, दवाखाने आहेत, राजधानीत आपोआप चालणारे टेलिफोन आहेत. ते मी खोडत नाही. पण आमच्या करारांत आम्ही आधी विचारतो, पैसा कोणाचा? येथे पैसा हैतीच्या जकातीचा होता, घाम हैतीच्या वेठकऱ्यांचा होता, आणि देखरेखीचा पगारही हैतीनेच भरला होता. मग हे देणे कोणाचे? आणि खर्चाच्या बाजूला १९३४ नंतरही रकमा चढतच राहिल्या. तिजोरीवरील अमेरिकन नियंत्रण, निरनिराळ्या रूपांत, १९४७ पर्यंत टिकले. त्या साली अध्यक्ष एस्तिमे यांनी देशातच कर्ज उभारून ते जुने रोखे फेडले. अमेरिकनांनी जुन्या सैन्याच्या जागी एकच दल घडविले होते, सगळी सूत्रे राजधानीत असलेले. त्या दलाने कधी परचक्र परतविले नाही. १९४६ आणि १९५० मध्ये त्याने अध्यक्ष खाली खेचले आणि १९५७ मध्ये दुव्हालियेला गादीवर चढविले. त्या बापलेकांनी १९८६ पर्यंत काय केले तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. १९९४ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये अमेरिकन फौज हैतीत उतरली. बटलरने मात्र, ज्याला हैतीतल्याच लढाईसाठी शौर्यपदक मिळाले होते, १९३५ मध्ये लिहून टाकले की आपण तेथे नॅशनल सिटीच्या मंडळींना वसुली सोपी करून दिली.

हे सारे मी पुढच्या वर्गात सांगितले, तेव्हा माझा सहकारी ऐकत राहिला. मग म्हणाला, "बरं, आणि त्या पेराल्तचं प्रेत? ते कुठं टाकलं?" फौज निघून गेल्यावर ते उकरून काढले, हे मला सांगता आले. सोन्याच्या दातावरून आईने त्याला ओळखले. १९३५ मध्ये काप-हैतियनला त्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली, ज्या शहराचे रस्ते त्याच्याकडून झाडून घेतले होते त्याच शहरात.