मूळ बदलणारी आज्ञा

१८ मार्च १९८२. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात बिल जॉय युनिक्सच्या आपल्या शाखेची पुढची आवृत्ती घडवत होता. त्या दिवशी त्याने तिच्यात एका छोट्या आज्ञेची भर घातली. नाव ‘चेंज रूट’. टाइप करताना तिची काही अक्षरं गाळतात. बोलताना कोणी ‘सीएचरूट’ म्हणतं, कोणी ‘चरूट’. बेल लॅब्जच्या १९७९ सालच्या सातव्या युनिक्समध्ये ही सोय होतीच. बर्कलेच्या नोंदींनुसार तिथे ती या तारखेला आली.

युनिक्समध्ये सगळ्या फाइली एकाच झाडाला लागलेल्या असतात आणि त्या झाडाच्या मुळाला ‘रूट’ म्हणतात. कुठलीही फाइल शोधायची तर प्रोग्राम तिथून निघतो. ही आज्ञा चालू प्रोग्रामला सांगते, की यापुढे अमुक एक फोल्डर हेच तुझं मूळ. त्या फोल्डरच्या बाहेरचं जग मग त्याच्या वाटेतच येत नाही.

जॉयला हे कशाला हवं होतं? त्याचा सहकारी कर्क मॅक्युसिक याने पुढे जुन्या नोंदी चाळून आपला अंदाज सांगितला. नवी आवृत्ती घडवताना फक्त तिच्याच फाइली वापरल्या जाव्यात, यंत्रावर आधीपासून असलेल्या जुन्या आवृत्तीतलं काही नकळत मिसळू नये, यासाठी. सुरुवातीच्या काळातला तिचा दुसरा कुठलाच उपयोग त्याला आठवत नव्हता. दुधाच्या पातेल्याला कालच्या ताकाचा हात लागू नये म्हणून घरातली बाई जी काळजी घेते, तीच ही काळजी.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, म्हणतात. कंटेनरचं मात्र विचारावं. प्रोग्रामला त्याच्या सगळ्या सामानासकट इतरांपासून वेगळं ठेवणारी पेटी म्हणजे कंटेनर, आणि या आज्ञेपासूनच त्याचं घराणं सुरू होतं. त्याचा इतिहास बहुतेक ठिकाणी कैद, सुरक्षा, मोठमोठी सर्व्हर-केंद्रं अशा क्रमाने सांगितला जातो, आणि वेबसाइट बनवणारा माणूस आपल्या लॅपटॉपवर कंटेनर वापरतो तो जणू त्या मोठ्या कारभाराचा घरगुती उपयोग ठरतो. मला हे उलटं वाटतं. कंटेनर जन्मला तो घडवणाऱ्या माणसासाठी, त्याच्या कामाची जागा स्वच्छ राहावी म्हणून. मधली तीसेक वर्षं तो इतरांच्या चाकरीत होता.

घडवणाऱ्याची जागा अस्वच्छ असली की काय होतं, ते मी भोगलेलं आहे. आमच्या पिढीने वेबसाइट बनवायला घेतली ती झॅम्पवर. २००२ साली ‘अपाचे फ्रेंड्स’ने काढलेलं हे गाठोडं: अपाचे सर्व्हर, मायएसक्यूएल डेटाबेस, पीएचपी आणि पर्ल, सगळं एका इन्स्टॉलरमध्ये. कॉम्प्युटर क्लासमध्ये ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये आपलं पान टाकायचं, ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहायचं, आणि आपल्याच यंत्रावर आपली साइट उघडायची. हजारो मुलामुलींना या गाठोड्याने वेबचं दार उघडून दिलं, आणि त्याबद्दलची माझी कृतज्ञता आजही तेवढीच आहे.

पण झॅम्पमध्ये सगळ्या साइटना मिळून एकच पीएचपी. एका तालुक्याच्या गावातल्या ग्रंथालयाची साइट मी पीएचपी ५ च्या काळात केली होती. पुढे दुसऱ्या कामासाठी नवं झॅम्प बसवलं, त्यात पीएचपी ७. संध्याकाळी ग्रंथालयाचं पुस्तकयादीचं पान उघडलं तर पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ: डेटाबेसशी जोडणारं फंक्शन अस्तित्वात नाही. ते बरोबरच होतं. डेटाबेसशी बोलणारी जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शनं पीएचपी ७.० मधून, म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये, काढून टाकली होती. ग्रंथालयाच्या सर्व्हरवर जुनं पीएचपी होतं, तिथे साइट सुखाने चालू होती. माझ्या टेबलावर ती मेलेली होती. आणि याच्या उलट प्रसंग तर रोजचे: विंडोजला फाइलच्या नावातलं लहान आणि मोठं अक्षर सारखंच, लिनक्सला वेगळं. घरी दिसणारा लोगो सर्व्हरवर गेला की गायब. ‘माझ्याकडे तर चालतंय!’ हे वाक्य आमच्या धंद्यात जितक्या हताशपणे उच्चारलं गेलंय, तितकं दुसरं कुठलं नसेल.

जॉयच्या आज्ञेकडे तोवर दुसऱ्याच लोकांचं लक्ष गेलं होतं. नव्वदच्या दशकात एकाच सर्व्हरवर अनेक गिऱ्हाइकांच्या साइट ठेवण्याचा व्यवसाय वाढला. एकाने दुसऱ्याच्या फाइलींना हात लावू नये यासाठी चरूट अपुरी होती; सर्वाधिकार असलेला वापरकर्ता तिच्यातून सहज बाहेर पडू शकत होता. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग कॅम्प याने अशाच एका होस्टिंगवाल्याच्या गरजेतून फ्रीबीएसडी या बर्कलेच्याच वंशातल्या युनिक्समध्ये नवी भिंत बांधली. २००० साली चौथ्या आवृत्तीबरोबर ती आली आणि तिचं नाव होतं ‘जेल’. घडवण्याची खोली इथे तुरुंग झाली. तंत्र म्हणून ते उत्तम होतं, पण नावानिशी हेतू पालटला.

लिनक्सने हेच काम तुकड्यातुकड्यांनी केलं. ‘नेमस्पेस’ नावाच्या सोयीने प्रत्येक प्रोग्रामसमूहाला फाइलींचं, चालू प्रोग्रामांच्या यादीचं, नेटवर्कचं आपापलं वेगळं चित्र दिसू लागलं; पहिली नेमस्पेस २००२ ची. कोणी किती मेमरी, किती प्रोसेसर वापरायचा हे ठरवणारी सोय गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये लिहायला घेतली. तिचं आधीचं नाव ‘प्रोसेस कंटेनर्स’ होतं. लिनक्सच्या जगात कंटेनर हा शब्द आधीच भलभलत्या अर्थांनी वापरला जात होता, म्हणून घोळ नको म्हणत त्यांनी ते बदलून ‘कंट्रोल ग्रुप्स’ केलं, आणि जानेवारी २००८ मध्ये ती सोय गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये दाखल झाली. ज्या तुकड्यावर आजचा प्रत्येक कंटेनर उभा आहे, त्याने ते नाव एकदा सोडून दिलेलं आहे.

नाव टिकलं ते गोदीमुळे. माल्कम मॅक्लीन हा नॉर्थ कॅरोलायनाचा ट्रकवाला. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, डेकवर ५८ पेट्या घेऊन. त्याआधी गोदीत पोतं, पिंप, खोकं, गासडी असा प्रत्येक नग माणसं उचलत. मॅक्लीनने पेटीच उचलली. पण जगभर ही पद्धत पसरली ती पेटीच्या कोपऱ्यांमुळे. ते ओतीव कोपरे आणि त्यात फिरून बसणारी कुलपं कीथ टँटलिंगर या अभियंत्याची, आणि मॅक्लीनच्या कंपनीने त्यांचे पेटंटहक्क प्रमाणीकरणासाठी खुले केले. म्हणून कुठल्याही देशातली क्रेन कुठल्याही कंपनीची पेटी उचलू शकते. १९८९ पासून न्हावा शेवाला उतरणाऱ्या आणि उरणहून पनवेलकडे रांगेने निघणाऱ्या पेट्यांचे कोपरे तेच. मराठीत ‘कंटेनर’ म्हटलं की आधी महामार्गावरचा तो लांबलचक ट्रक डोळ्यांपुढे येतो. सॉफ्टवेअरवाल्यांनाही नेमकं तेच चित्र हवं होतं.

मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा इथल्या पायथन परिषदेत सोलोमन हाइक्स पाच मिनिटांसाठी मंचावर आला. त्याची ‘डॉटक्लाउड’ ही कंपनी इतरांचे प्रोग्राम आपल्या सर्व्हरवर चालवून द्यायची. त्यासाठी घरात वापरायला बनवलेलं हत्यार त्याने तिथे दाखवलं आणि त्याच महिन्यात खुलं केलं. नाव डॉकर, म्हणजे गोदी कामगार. चिन्ह पाठीवर पेट्या लादलेला व्हेल मासा.

डॉकरने भिंती नव्या बांधल्या नाहीत. नेमस्पेस, कंट्रोल ग्रुप्स, सगळं आयतं होतं. त्याची खरी देणगी पेटी भरण्याच्या रीतीत आहे. ‘डॉकरफाइल’ नावाच्या साध्या मजकुरात पाककृतीसारख्या ओळी लिहायच्या: हे लिनक्स घे, त्यावर हे पीएचपी बसव, ही फाइल इथे ठेव. प्रत्येक पायरीचा एक थर तयार होतो आणि थरांवर थर ठेवून ‘इमेज’ बनते. एकावर एक ट्रेसिंग पेपर ठेवावेत तसे. वरून पाहिलं तर एकच चित्र दिसतं. आपण लिहितो ते सगळ्यात वरच्या कागदावर, खालचे कोरे करकरीत राहतात. त्यामुळे दहा साइटना खालचे कागद एकच पुरतात, आणि काही बिघडलं तर वरचा कागद फेकून नवा ठेवायचा. २०१५ मध्ये कंटेनरची बांधणी आणि तो चालवण्याची रीत ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह या सामाईक व्यासपीठाकडे सोपवली गेली. टँटलिंगरच्या कोपऱ्यांसारखंच हेही कुणा एकाचं राहिलं नाही.

वेबसाइटला एक पेटी पुरत नाही. एकीत वेब सर्व्हर आणि पीएचपी, दुसरीत डेटाबेस, आणि दोघींना एकमेकींचा पत्ता ठाऊक हवा. लंडनच्या ‘ऑर्चर्ड’ या लहानशा कंपनीने यासाठी ‘फिग’ बनवलं. जुलै २०१४ मध्ये डॉकरने कंपनीच विकत घेतली आणि फिगचं ‘कंपोझ’ झालं. पण कंपोझची फाइल हाताने लिहिणं हे एक स्वतंत्र शास्त्र होतं. वर्डप्रेस, द्रुपल अशा साइट बनवायच्या तयार प्रणालींसाठी थीम करणाऱ्या, मॉड्यूल लिहिणाऱ्या माणसाला ते शिकायला लावणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला आधी चूल घालायला बसवणं.

ती चूल डीडेव्हने घालून दिली. डेन्व्हरच्या ‘ड्रड’ या कंपनीत सुरू झालेलं हे साधन गो भाषेत लिहिलेलं आणि मुक्त परवान्याचं आहे. कंपनीचा मूळ बेत पुढे गेला नाही, तरी साधन टिकलं. द्रुपलच्या जगात आधीपासून ओळखीचा असलेला रँडी फे वर्षानुवर्षं त्याची देखभाल करत आला आहे आणि आज त्यामागे डीडेव्ह फाउंडेशन आहे. साइटच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘डीडेव्ह कॉन्फिग’ म्हटलं, की ते फाइली पाहून ओळखतं: हे द्रुपल, हे वर्डप्रेस, हे टायपो३. मग ‘डीडेव्ह स्टार्ट’. कंपोझची फाइल ते स्वतः लिहितं. आपल्या हाती उरते एक छोटी यामल फाइल, तिच्यात पीएचपी कुठलं आणि डेटाबेस कुठला एवढं लिहिलेलं. ती कोडबरोबर गिटमध्ये, म्हणजे कोडच्या सामाईक नोंदवहीत जाते. नागपूरच्या सहकाऱ्याने उघडली तरी त्याला तेच पीएचपी मिळतं.

या साधनाच्या एकेका नव्या आवृत्तीतले बदल वाचणं मला फार आवडतं, कारण त्यात घडवणाऱ्यांच्या रोजच्या कटकटी जशाच्या तशा दिसतात. मॅकवरचा संथपणा घ्या. कंटेनरला लिनक्सचा गाभा लागतो. मॅकवर तो नसतो, म्हणून खाली एक छोटं आभासी लिनक्स यंत्र चालतं. आपलं कोड मॅकच्या बाजूला, पीएचपी लिनक्सच्या बाजूला. द्रुपलचं एक पान बनवताना हजारो बारक्या फाइली वाचल्या जातात आणि दर वाचनाला ही सीमा ओलांडावी लागते. पान यायला काही सेकंद लागत. २०२१ मध्ये डीडेव्हने ‘म्युटाजेन’ जोडून घेतलं: दोन्हीकडे एकेक प्रत ठेवायची आणि बदल तेवढे इकडून तिकडे न्यायचे. आधी ते ऐच्छिक होतं, नंतर मॅकवर आपोआप चालू.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये डॉकरने जाहीर केलं, की लॅपटॉपवर डॉकर चालवणारं ‘डॉकर डेस्कटॉप’ मोठ्या कंपन्यांना यापुढे फुकट नाही. अडीचशेहून अधिक माणसं किंवा एक कोटी डॉलरहून जास्त उलाढाल, ही रेषा. डीडेव्हने ‘कोलिमा’सारख्या मुक्त पर्यायांवर चालायला सुरुवात केली. कोपरे प्रमाणित होते, म्हणून क्रेन बदलता आली.

आणखी एक बदल माझ्या विशेष लक्षात राहिला. कंपोझच्या आवृत्त्या बदलत आणि यंत्रावरचं कंपोझ नेमकं वेगळं निघे. मग डीडेव्ह स्वतःपुरतं वेगळं कंपोझ उतरवून घेऊ लागलं, यंत्रावरच्याला न शिवता. ज्या युक्तीने ते साइट वेगळ्या ठेवतं, तीच त्याने स्वतःला लावून घेतली. फाटकावर उभं राहून कुठल्या साइटची मागणी कुठल्या पेटीकडे पाठवायची ते ठरवणारा राउटर बदलून ‘ट्रॅफिक’ आला. साइटवरून निघणारी चाचणीची पत्रं बाहेर खऱ्या माणसांना न जाता अडवून ठेवणारं ‘मेलहॉग’ त्याच्या कर्त्यांकडूनच दुर्लक्षित झालं, तेव्हा तिथे ‘मेलपिट’ बसलं. डेटाबेस पाहायचं ‘पीएचपीमायॲडमिन’ गाभ्यातून काढून हवं त्याने जोडून घ्यायचं केलं. पाहुण्यांची गर्दी झाली की बैठकीतली जास्तीची कपाटं माळ्यावर टाकावीत तसं.

या पावसाळ्यात ग्रंथालयाच्या चिटणीसकाकांचा फोन आला. साइट नव्या पीएचपीवर न्यायची आहे, जुनं कोड आहे का तुझ्याकडे? होतं, एका हार्ड डिस्कवर. फोल्डर लॅपटॉपवर उतरवला, यामल फाइलमध्ये पीएचपी ५.६ लिहिलं, डेटाबेसची जुनी प्रत आत ओढली आणि स्टार्ट केलं. पुस्तकयादीचं पान उघडलं. शेजारच्या खिडकीत दुसऱ्या गिऱ्हाइकाची साइट पीएचपी ८.३ वर चालू होती. मी यादीत वरून तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकावर टिचकी मारली, ते कोणी नेलंय ते दिसलं, आणि जुन्या फंक्शनांच्या पहिल्या ओळीपासून कामाला लागलो.