दुसरं पत्र

होळी झाली, पाडवा तोंडावर आला, आणि आमच्या घरात सगळ्यांचे कान एका मोबाईलकडे लागले आहेत. नातेवाईक मंडळींना कारण ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगते.

माझी नात, म्हणजे लेकीची मुलगी, पुण्यात मानववंशशास्त्रात एम.ए. झाली. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा तिला अभ्यास करायचा आहे. गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या, तिने अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांकडे पीएच.डी.साठी अर्ज केले. सहा अर्ज म्हणजे काय प्रकरण असतं हे मला आधी कळलंच नव्हतं. प्रत्येक ठिकाणी वेगळं निवेदन लिहायचं, तीन-तीन प्राध्यापकांना शिफारशीसाठी गळ घालायची, आणि दर अर्जामागे आपल्या रुपयांत सात ते दहा हजार भरायचे. एवढं करून मग गप्प बसायचं. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत कधीही उत्तर येतं. ज्याला जागा मिळाली त्याने १५ एप्रिलपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, असं तिकडच्या बहुतेक विद्यापीठांनी आपसात ठरवलेलं आहे. त्यामुळे ज्यांची नावं प्रतीक्षायादीत असतात त्यांचा जीव त्या तारखेपर्यंत टांगलेला.

आजपर्यंत दोन नकार आले. एका विभागाने यंदा कोणालाच घेणार नाही असं कळवलं. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने विद्यापीठांच्या संशोधनाच्या पैशाला कात्री लावली, तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी जागा कमी झाल्या आहेत म्हणे. उरलेल्या तीन ठिकाणी 'अर्ज विचाराधीन' एवढंच दिसतं. तिकडे दुपार असते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र, म्हणून पोरगी मोबाईल उशाखाली घेऊन झोपते. झोपते कसली, पडून राहते. जेवणात लक्ष नाही. जावईबापू मधूनच "एम.बी.ए.चा फॉर्म भरून ठेव" म्हणतात, की मग सगळं घर शांत!

मी तिला काय मदत करणार? इंग्रजी माझं बेताचं. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, तेव्हा माझ्यापाशी गोष्टीच काय त्या. म्हटलं, तुझ्या विषयातल्याच आपल्या माणसांच्या सांगते.

पहिली गोविंद सदाशिव घुर्ये यांची. जन्म मालवणचा, १८९३ चा. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकलेला हुशार मुलगा. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ तिथे प्राध्यापक म्हणून आले. त्यांच्या नजरेत घुर्ये भरले आणि शिष्यवृत्तीवर विलायतेला गेले. लंडनला मन रमलं नाही, म्हणून केंब्रिजला गेले. तिथे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्यासारखा मोठा मानववंशशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभला. आणि जून १९२२ मध्ये रिव्हर्स अचानक वारले. परमुलखात, काम हातात असताना, ज्याच्या भरवशावर आलो तो माणूसच नाही! घुर्यांनी ए. सी. हॅडन यांच्या हाताखाली प्रबंध पुरा केला आणि ते परत आले. १९२४ पासून १९५९ पर्यंत मुंबईच्या त्या विभागाचे ते प्रमुख होते.

नात म्हणाली, "आजी, त्यांना निदान प्रवेश तरी मिळाला होता." खरंच होतं तिचं. मग मी दुसरी गोष्ट काढली.

डॉ. आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित म्हणून आपल्याला माहीत असतात. पण त्यांचा जातीवरचा पहिला मोठा निबंध मानववंशशास्त्राच्या वर्गात वाचला गेला होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात, ९ मे १९१६ रोजी. बाबासाहेब तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. आपल्यातच लग्न करायचं, बाहेर नाही, हा नियम म्हणजेच जातीचा गाभा, असं त्यांनी त्यात मांडलं. पुढच्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापूनही आला.

त्यांना अमेरिकेला पाठवलं होतं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीने. १९१३ मध्ये तीन वर्षांसाठी ती मिळाली, आणि शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. १९१६ मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथला अभ्यास अर्धा असतानाच शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये परत यावं लागलं. वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान, त्यात पुस्तकं, ती बोट महायुद्धात बुडाली तेव्हा समुद्रात गेलं. बडोद्याला नोकरीवर हजर झाले तर अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. ते सगळे हाल आपण शाळेत शिकवतोच.

मुद्दा पुढचा आहे. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची मुभा दिली होती. घरात पैसा नाही, संसार पाठीशी. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ च्या नोव्हेंबरापासून १९२० च्या मार्चपर्यंत शिकवलं, परळच्या चाळीत राहून पगारातून पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने उसने दिले, आणि १९२० च्या जुलैत ते पुन्हा बोटीत बसले. १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळाली. आणि कोलंबियाची पीएच.डी.? ती हातात पडली १९२७ मध्ये. अमेरिका सोडल्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

"अकरा वर्षं!" एवढंच म्हणाली. पण त्या दिवशी पोळी दीड खाल्ली, हे मी मोजलं.

तिसरी गोष्ट इरावतीबाई कर्वे यांची. त्यांचा जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातला, तिथल्या इरावती नदीवरून नाव ठेवलेलं. सातव्या वर्षी पुण्याला हुजूरपागेत शिकायला आल्या. फर्ग्युसनमधून १९२६ मध्ये तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. आणि १९२८ मध्ये मुंबईला एम.ए. मार्गदर्शक कोण, तर हेच घुर्ये. म्हणजे केंब्रिजला गुरू गमावलेल्या माणसाने परत येऊन पुढच्यांसाठी दार उघडून ठेवलं होतं.

जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा घरातून विरोध झाला. सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे. ज्यांनी १९१६ मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्यांनाच सुनेने परदेशी जाणं पसंत नव्हतं. मी हे वर्गात सांगत असे तेव्हा मुली हसायच्या. मी मात्र त्यांना म्हणायची, हसू नका, मोठ्या माणसाचीसुद्धा पावलं कुठेतरी अडतात. नवरा, दिनकरराव, स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले. ते ठामपणे पाठीशी राहिले. पैसे नव्हते, ते डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्जाऊ घेतले. १९२८ च्या नोव्हेंबरात इरावतीबाई निघाल्या.

बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या संस्थेत त्यांना काम मिळालं ते माणसांच्या कवट्या मोजायचं. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी दोन बाजूंना सारखी नसते आणि त्यावरून त्याची बुद्धी श्रेष्ठ ठरते, अशी फिशर यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला की या वेडेवाकडेपणाचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्याच्याच संस्थेत बसून हे लिहिलं! १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. तरीही आपल्या विषयाची जागा लगेच कुठली मिळायला? १९३१ ते १९३६ त्यांनी महिला विद्यापीठात कुलसचिवाचं काम केलं. डेक्कन कॉलेजात त्या आल्या १९३९ मध्ये. म्हणजे पदवीनंतरही नऊ वर्षं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण इरावतीबाईंचं नाव निघालं की मला कोयना आठवते, आणि कोयना आठवली की बाकीचंही आठवतं.

माझ्या मामांचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. धरणात ते गेलं आणि मामा सांगली जिल्ह्यातल्या एका माळावर येऊन राहिले. मी शाळेच्या शेवटच्या वर्षांत असताना सुट्टीत तिकडे गेले होते, तेव्हा वह्या घेऊन काही माणसं आली. घरात भांडी किती, बैल किती विकले, असलं विचारता विचारता त्यांनी मामीला विचारलं, "पूर्वी सुना कुठल्या गावाहून यायच्या? आता कुठून येतात?" मामी म्हणाली, "पूर्वी नदीपल्याडहून यायच्या. आता नदीच कुठाय?" त्या माणसाने हे हळूच लिहून घेतलं. आमच्या मामीचं बोलणं कोणी लिहून घेतं, याचं मला केवढं नवल वाटलं होतं! कोयनेच्या विस्थापितांची इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. ती माणसं बहुधा त्याच पाहणीची असावीत.

तेव्हापासून मनात होतं. १९७१ मध्ये बी.ए. झाले, मराठी माध्यमातून, इतिहास घेऊन. इरावतीबाई आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९७० मध्ये, गेल्या होत्या. पण विषय तर होता. एका नावाजलेल्या संस्थेला मी आंतर्देशीय पत्र लिहिलं. मराठी माध्यमाच्या मुलीला या विषयाच्या एम.ए.ला घेतात का, आणि राहायची सोय काय. घरात कोणाला सांगितलं नाही. जून गेला, जुलै गेला. पोस्टमन आला की मी काहीतरी निमित्त काढून ओट्यावर जायची. उत्तर आलं नाही. वडिलांनी बी.एड.चा फॉर्म आणला, मी भरला. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. १९७४ ते २००८, चौतीस वर्षं शाळा. त्याचं दुःख नाही. मुलांनी मला भरभरून दिलं.

हे मी चौपन्न वर्षांत कोणाला बोलले नव्हते. यांनासुद्धा नाही. नातीला सांगितलं, केवळ तिला वाटावं की वाट पाहणारी ती एकटी नाही.

तिने शांतपणे विचारलं, "मग तू परत का नाही लिहिलंस?"

काय सांगणार? पैशांचा प्रश्न नव्हता, आंतर्देशीय पत्राला असे कितीसे लागतात! पत्र गहाळ झालं असेल, कारकुनाच्या टेबलावर राहिलं असेल, असं तेव्हा एकदाही मनात आलं नाही. खेड्यातली मुलगी, मराठी माध्यम, नाही म्हणाले असतील, बरोबरच आहे त्यांचं, असं मीच ठरवून टाकलं. त्यांनी नकार दिलाच नव्हता. त्यांच्या वतीने तो मी मला दिला.

इतकी वर्षं या तिघांच्या गोष्टी वर्गात सांगितल्या, पण त्यातलं हे मला आत्ता, पंचाहत्तरीत दिसलं. तिघांचंही पहिलं दार कुठे ना कुठे बंद झालं होतं, आणि तिघांनी दुसरं ठोठावलं. मात्र एवढंच सांगून थांबले तर ते अर्धवट होईल. घुर्यांच्या मागे गेडिस आणि हॅडन होते, बाबासाहेबांच्या मागे शाहू महाराज आणि एक मित्र, इरावतीबाईंच्या मागे नवरा आणि कर्ज देणारे मेहता. नुसत्या जिद्दीने बोटीचं तिकीट निघत नाही. आणि ज्यांना कोणी नव्हतं, त्यांची नावं मला वर्गात सांगता आली नाहीत, कारण ती पुस्तकात नाहीतच. नकाराची पत्रं कोण जपून ठेवतं? ती चुलीत जातात. माझ्या वडिलांनी मला अडवलं असतं की नाही, हेही मला कधी कळायचं नाही. मी त्यांना विचारलंच नाही.

असो. परवा रात्री जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. उरलेल्या तीन ठिकाणांहून नकार आला तर पुढच्या डिसेंबरात पुन्हा सहा अर्ज जातील, आणि त्यांची फी माझ्या पेन्शनमधून. जावईबापू काही बोलले नाहीत. लेकीने माझ्याकडे जरा वेगळंच पाहिलं. नात म्हणाली, "आजी, सहा नाही, आठ करू." म्हटलं, आठ तर आठ.

मोबाईल अजून उशाखालीच आहे. १५ एप्रिलपर्यंत काय होतं ते कळवीनच. तोवर, मंडळी, तुमच्याही घरात असं न आलेलं एखादं उत्तर असेल, आईचं, मावशीचं, आजीचं, तर विचारून बघा. आणि मला लिहा.