आख्यान आणि मूकपट: 'सिंहगड' (१९२३)

फ्रिट्झ लांगने 'नीबेलुंगेन' (१९२४) या द्विखंडी मूकपटातून मध्ययुगीन महाकाव्य महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मन जनतेला अर्पण केले. त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, बाबुराव पेंटर दिग्दर्शित 'सिंहगड' आला. साम्य येथेच थांबते. लांगने अरण्यदेखील स्टुडिओत उभारले; त्याला काळाबाहेरचा मिथकावकाश हवा होता. पेंटरांपुढे १६७० ची घटना होती. पण ती हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीतून, आणि त्याआधी तुळशीदासाच्या पोवाड्यातून, गाळून आलेली. पोवाड्याचे सामर्थ्य शाहिराच्या आवाजात. मूकपटाजवळ नेमका तोच नव्हता. त्याची जागा पेंटरांनी कृत्रिम प्रकाशात चित्रित केलेल्या रात्रीला दिली. या प्रकाशयोजनेची नोंद बहुधा तंत्राच्या इतिहासात होते. वास्तविक ती आख्यानाच्या इतिहासातली घटना आहे.