वृद्धपरिचर्या : चिकित्सक परिचारिकांचे शिक्षण

एकाच वेळी अनेक दीर्घकालीन विकारांनी ग्रस्त झालेल्या वृद्धांची तपासणी, निदान, औषधयोजना आणि नित्याची देखभाल यांची जबाबदारी पेलू शकतील अशा परिचारिका तयार करण्याची शिक्षणपद्धती. ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या संज्ञेस मराठीत अद्याप सर्वमान्य पर्याय नाही. प्रस्तुत नोंदीत ‘चिकित्सक परिचारिका’ हा शब्द योजला असून त्यात स्त्री व पुरुष दोघांचाही समावेश होतो. सामान्य परिचारिका डॉक्टरांच्या आदेशानुसार उपचार करते. चिकित्सक परिचारिका मात्र पदव्युत्तर शिक्षण घेऊन स्वतः रुग्णाची तपासणी करते, रोगनिदान करते व कायद्याने दिलेल्या मर्यादेत औषधेही लिहून देते. या शिक्षणाचा विकास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला.

वृद्धांचे आजार हे तरुणांच्या आजारांचेच अधिक तीव्र रूप असते, ही समजूत बरोबर नाही. वार्धक्यात रोगाची लक्षणेच बदलतात. फुप्फुसदाह झालेल्या वृद्धास ताप येईलच असे नाही. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. मूत्रमार्गातील संसर्ग, शरीरातील पाण्याची तूट किंवा नव्याने सुरू केलेले औषध यांची पहिली खूण अनेकदा अचानक उद्‌भवणारा बुद्धिभ्रम हीच असते आणि घरची माणसे ‘वयामुळे असे होते’ म्हणून ती सोडून देतात. मधुमेह, हृदयदौर्बल्य, संधिवात व स्मृतिभ्रंश हे विकार एकाच शरीरात नांदत असता प्रत्येक तज्ञ आपापल्या इंद्रियापुरती औषधे देतो आणि त्या सर्व औषधांचा मिळून होणारा परिणाम पाहणारा कोणीच उरत नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजेच या शिक्षणाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील निराधार व आजारी वृद्धांना दरिद्रालयांच्या रुग्णकक्षांत ठेवण्यात येई. त्यांची शुश्रूषा तेथीलच धडधाकट पण अशिक्षित रहिवाशांवर सोपविलेली असे. लिव्हरपूल येथील विल्यम रॅथबोन या दानशूर व्यापाऱ्याच्या साहाय्याने आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या मार्गदर्शनाखाली १८६५ मध्ये ॲग्नेस जोन्स यांनी तेथील दरिद्रालयात प्रशिक्षित परिचारिकांसह काम सुरू केले. अवघ्या तीन वर्षांत त्या ज्वराने मरण पावल्या. परंतु निराधार वृद्धालाही शिक्षित परिचर्या मिळाली पाहिजे, हा विचार त्यामुळे रुजला. ‘जेरिॲट्रिक्स’ (जरावैद्यक) ही संज्ञा १९०९ मध्ये इग्नाट्स नॅशर यांनी न्यूयॉर्क येथे प्रचारात आणली. १९३५ पासून लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन यांनी वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून असलेल्या शेकडो वृद्धांची नव्याने तपासणी केली. त्यांतील पुष्कळांना योग्य निदान, व्यायाम व पुनर्वसन यांच्या साहाय्याने उठविता येते, असे त्यांना आढळले. अंथरूण हे वृद्धांचे भवितव्य नसून बऱ्याचदा उपेक्षेचा परिणाम असते, हे त्यांनी दाखवून दिले. परिचर्येच्या क्षेत्रात याच तोडीचे कार्य डोरीन नॉर्टन यांनी केले. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या संशोधनातून शय्याव्रणाचा धोका मापण्याची एक साधी श्रेणी निर्माण झाली. रुग्णाची शारीरिक व मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींचे गुणांकन तीत होते. परिचारिकेचे निरीक्षणही मोजता येते व त्यावर शास्त्र उभारता येते, हे या श्रेणीमुळे स्पष्ट झाले.

१९६५ व त्यानंतर : संयुक्त संस्थानांत १९६५ या एकाच वर्षी दोन परस्पर-असंबद्ध घटना घडल्या आणि पुढे त्या एकमेकींत गुंतल्या. कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड (१९२०–२०२५) ही परिचारिका आणि हेन्‍री सिल्व्हर हे बालरोगतज्ञ यांनी चिकित्सक परिचारिकांचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर नसलेल्या ग्रामीण व गरीब वस्त्यांतील बालकांची तपासणी करणे हा त्याचा उद्देश होता. वृद्धांचा विचार त्यात नव्हता. त्याच वर्षी जुलैमध्ये मेडिकेअर व मेडिकेड या सार्वजनिक आरोग्यविमा योजनांचा कायदा झाला. पहिली मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी, तर दुसरी गरिबांसाठी होती. शुश्रूषागृहांना सरकारी पैसा मिळू लागताच त्यांची संख्या झपाट्याने वाढली. इमारती उभ्या राहिल्या. पण त्यांतील वृद्धांकडे नियमितपणे पाहणारे डॉक्टर मिळेनात. शुश्रूषागृहात जाणे हे डॉक्टरांच्या दृष्टीने कमी प्रतिष्ठेचे व कमी मोबदल्याचे काम होते.

अमेरिकन परिचारिका संघाने १९६६ मध्ये वृद्धपरिचर्येचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात व्हर्जिनिया स्टोन यांच्या नेतृत्वाखाली या विषयातील विशेषज्ञ परिचारिकांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. १९७० मध्ये संघाने वृद्धपरिचर्येची मानके प्रसिद्ध केली. १९७६ मध्ये विभागाच्या नावातील ‘जरावैद्यकीय’ हे विशेषण काढून त्या जागी ‘जराविज्ञानीय’ हे घालण्यात आले. हा बदल केवळ शाब्दिक नव्हता. वृद्ध म्हणजे रोगी नव्हे, परिचर्येचा विषय रोग नसून वार्धक्यातील संपूर्ण जीवन आहे, अशी भूमिका त्यामागे होती.

याच वर्षी केलॉग प्रतिष्ठानच्या साहाय्याने आयडाहो राज्यातील बॉइझी येथील माउंटन स्टेट्स हेल्थ कॉर्पोरेशन या संस्थेने एक वेगळा मार्ग स्वीकारला. विद्यापीठातील तरुण पदवीधरांना शुश्रूषागृहांकडे वळविणे अवघड असल्याने, तेथे आधीच नोकरीत असलेल्या परिचारिकांची निवड करून त्यांना शिक्षण द्यावयाचे व परत त्याच शुश्रूषागृहात पाठवावयाचे, अशी ही योजना होती. काही काळ वर्गात शिकल्यानंतर परिचारिका आपल्या गावी एखाद्या डॉक्टरच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करीत शिकत असे. आयडाहोने १९७१ मध्येच परिचारिकांच्या निदान व उपचार करण्याच्या अधिकाराला कायद्याने मान्यता दिली होती व असे करणारे ते देशातील पहिले राज्य होते. या योजनेचे मूल्यमापन १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अशा परिचारिका असलेल्या ३० शुश्रूषागृहांची त्यांच्याशी मिळत्याजुळत्या अन्य ३० शुश्रूषागृहांशी तुलना केलेली होती. निष्कर्ष मिश्र होते. दैनंदिन क्रियांच्या बहुतेक मापांत फारसा फरक पडला नव्हता. परंतु अनेक नेहमीच्या तक्रारींची हाताळणी सुधारली होती व रुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाणही काहीसे घटले होते. या शिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनी पुढे केलेल्या काही दाव्यांच्या मानाने हे यश माफक वाटते; परंतु अतिवृद्धांच्या बाबतीत अनावश्यक स्थलांतर टळणे हीच मोठी गोष्ट असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

शिक्षणाचा आशय : शरीरविकृतिविज्ञान, शारीरिक तपासणी आणि औषधविज्ञान यांचे प्रगत शिक्षण हा सर्वच चिकित्सक परिचारिकांच्या अभ्यासक्रमाचा पाया होय. वृद्धपरिचर्येत त्याला कार्यक्षमतेच्या मूल्यमापनाची जोड मिळाली. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवणे या सहा क्रियांवर आधारित एक निर्देशांक मांडला होता. १९७५ मध्ये मार्शल फोल्स्टीन व सहकाऱ्यांची मनःस्थितीची संक्षिप्त चाचणी आली, तर १९९० मध्ये शॅरन इनोये व सहकाऱ्यांनी तीव्र बुद्धिभ्रम ओळखण्याची पद्धत दिली. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये शुश्रूषागृहातील वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. ही साधने हाती आल्यावर विद्यार्थिनीला विचारावयाचा प्रश्न बदलला. ‘रुग्णाला काय झाले आहे?’ याबरोबरच ‘गेल्या महिन्यात तो काय करू शकत होता आणि आज काय करू शकत नाही?’ हेही ती विचारू लागली. एखाद्या वृद्धेची पडझड झाली, तर हाड जोडण्यापुरते न थांबता रक्तदाबाची गोळी, चष्मा, पायातील चपला, रात्री लघवीला उठणे व न्हाणीघरातील अंधार या सर्वांचा शोध घेणे तिला शिकविले जाते. औषध वाढविण्यापेक्षा औषध बंद करण्याचा निर्णय अधिक कौशल्याचा असतो. आयुष्याच्या अखेरीस कोणते उपचार हवेत व कोणते नकोत, याविषयी रुग्णाशी आणि कुटुंबीयांशी बोलणे हाही अभ्यासाचाच भाग असतो.

हे सारे शिकवावयाचे कोठे, हा प्रश्न मात्र सहज सुटला नाही. रुग्णालयात तीव्र आजाराचे दर्शन घडते, दीर्घ आजाराचे नव्हे. त्यामुळे रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठानने १९८२ ते १९८७ या काळात ११ परिचर्या-विद्यालयांची शुश्रूषागृहांशी सांगड घालून ‘अध्यापन शुश्रूषागृहे’ चालविली. मॅथी मेझी यांनी या उपक्रमाचे संचालन केले. प्राध्यापिका स्वतः तेथील रुग्णांची जबाबदारी घेऊ लागल्या व विद्यार्थिनींना शिकण्यास जागा मिळाली. अनुदान संपल्यावर बहुतेक ठिकाणचे हे संबंध सैल झाले. जरापरिचर्येच्या शिक्षणातील अनेक चांगल्या उपक्रमांचे भवितव्य असेच देणगीच्या मुदतीशी बांधलेले राहिले. त्यातल्या त्यात दीर्घायुषी ठरली ती १९९६ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मेझी यांच्याच नेतृत्वाखाली स्थापन झालेली हार्टफर्ड जरापरिचर्या संस्था.

या शिक्षणाच्या उपयुक्ततेचा बळकट पुरावा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मेरी नेलर यांच्या प्रयोगातून मिळाला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६५ वर्षांवरील ३६३ रुग्ण होते. त्यांपैकी एका गटाला जरापरिचर्येत प्रगत शिक्षण घेतलेल्या परिचारिका रुग्णालयात भेटत व घरी सोडल्यानंतरही चार आठवडे त्यांची काळजी घेत. चोवीस आठवड्यांत पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण या गटात २०·३%, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात ३७·१% होते.

कायदा आणि मोबदला : शिक्षण मिळाले तरी अधिकार मिळतोच असे नाही. १९९७ च्या कायद्याने चिकित्सक परिचारिकांना देशात सर्वत्र मेडिकेअरकडून थेट मोबदला मिळू लागला. मात्र तो डॉक्टरांच्या दराच्या ८५% एवढाच ठरविण्यात आला. औषधे लिहून देण्याचा अधिकार राज्याराज्यांत निराळा राहिला. मधुमेह, जखमा व हृदयविकार यांवर स्वतः उपचार करणाऱ्या परिचारिकेला त्याच रुग्णासाठी घरपोच शुश्रूषेच्या आदेशावर सही करता येत नसे. त्यासाठी डॉक्टरचीच सही लागे. करोना महामारीच्या काळात, २०२० मध्ये झालेल्या कायद्याने ही विसंगती दूर झाली. ती इतकी वर्षे टिकून राहिल्याचा भार अर्थातच घरात अडकून पडलेल्या वृद्धांवर पडला.

विलीनीकरण : वृद्धपरिचर्येतील चिकित्सक परिचारिकांचा स्वतंत्र अभ्यासक्रम गुणवत्तेत कमी पडला नाही, विद्यार्थी मिळविण्यात मात्र तो सतत कमी पडला. बालके, प्रसूती किंवा अतिदक्षता या शाखांचे आकर्षण त्याला कधीच लाभले नाही. २००८ मध्ये परिचर्या-संघटनांनी मान्य केलेल्या एका राष्ट्रीय आराखड्यानुसार प्रौढ आणि वृद्ध या दोन शाखा एकत्र करून ‘प्रौढ व वृद्ध परिचर्या’ ही एकच शाखा करण्यात आली. तिचे प्राथमिक आणि तीव्र आजार असे दोन विभाग असून प्रत्येकाची प्रमाणपत्र-परीक्षा स्वतंत्र आहे. रुग्णालयांतील प्रौढ रुग्णांत वृद्धांचाच भरणा मोठा असल्याने प्रौढांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकीला जराविज्ञान आलेच पाहिजे, हे विलीनीकरणाचे समर्थन होते आणि ते तर्कशुद्ध होते. तथापि पूर्वी संपूर्ण अभ्यासक्रम व्यापणारा विषय आता त्याचा एक भाग झाला. थोड्यांना सखोल ज्ञान देण्याऐवजी पुष्कळांना पुरेसे ज्ञान द्यावे, हा तो सौदा होता. अतिवृद्ध, स्मृतिभ्रंशग्रस्त व मरणासन्न रुग्णांच्या बाबतीत तो कितपत लाभदायक ठरला, याविषयी या क्षेत्रात मतभेद आहेत. शिवाय बहुसंख्य चिकित्सक परिचारिका आजही ‘कुटुंब’ या शाखेत शिक्षण घेतात. तीत अर्भकापासून वृद्धापर्यंत सर्वांचा समावेश असल्याने वृद्धांच्या वाट्याला त्यातील थोडाच वेळ येतो. सर्व शाखांसाठी रुग्णांच्या प्रत्यक्ष देखभालीचे किमान तास पूर्वी ५०० होते. २०२२ च्या मानकांनी ते ७५० केले.

भारत : २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. जरावैद्यकातील एम्. डी. हा अभ्यासक्रम १९९६ मध्ये मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. वृद्धांच्या आरोग्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये आखण्यात आला. परिचर्येच्या क्षेत्रात भारतीय परिचर्या परिषदेने जरापरिचर्येचा पदविका अभ्यासक्रम तयार केला. मात्र त्यामुळे परिचारिकेस स्वतंत्रपणे निदान करण्याचा किंवा औषधे लिहून देण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. चिकित्सक परिचारिकांचे भारतीय अभ्यासक्रम प्रथम अतिदक्षता व प्रसूतिपरिचर्या या क्षेत्रांत निघाले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने असा परिचारिका-वर्ग निर्माण करण्याचा पुरस्कार केला आणि २०२३ मध्ये १९४७ च्या परिचर्या परिषद अधिनियमाच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिपरिचर्या आयोगाचा अधिनियम संमत झाला. भारतातील वृद्धांची देखभाल अद्याप मुख्यतः घरातच, सुना व मुली यांच्याकडून होते. त्यामुळे शुश्रूषागृहाभोवती रचलेला अमेरिकन अभ्यासक्रम येथे जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. गृहभेटी आणि घरातील शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांना शिकविणे यांना त्यात बरेच मोठे स्थान द्यावे लागेल. केरळमध्ये वेदनाशामक परिचर्येच्या निमित्ताने प्रशिक्षित परिचारिका दीर्घकालीन रुग्णांच्या घरी नियमित जातात. ही व्यवस्था वृद्धांसाठी उभारण्यात आलेली नसली, तरी तिचा लाभ घेणाऱ्यांत वृद्धांची संख्या मोठी आहे.